रक्तातच आहे म्हणे!

‘खाण तशी माती’ ही म्हण आपल्याकडे सोयरीक जुळवताना हमखास निघते. घराणं कसं, आजोळ कुठलं, सगळं खोदून विचारतात. आणि लग्नानंतर काही बिनसलं की तीच म्हण ढाल म्हणून पुढं येते. ‘त्याचा बापही तसाच होता. रक्तातच आहे, तो तरी काय करणार?’ महिला समुपदेशन केंद्रात काम करताना हे वाक्य मी कितीदा ऐकलंय!

पण मैत्रिणींनो, एकनिष्ठपणा खरंच रक्तातून येतो का? शास्त्रज्ञांना याचा थोडासा माग लागला, तो एका उंदरासारख्या प्राण्यात. अमेरिकेतल्या गवताळ रानात प्रेअरी व्होल नावाचा आखूड शेपटीचा, मुठीत मावेल एवढा जीव राहतो. 1970 च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाचे लोवेल गेट्झ त्यांची मोजदाद करायला सापळे लावत होते. तेव्हा तेच नर-मादी पुन्हा पुन्हा एकाच सापळ्यात सापडू लागले. म्हणजे ही चक्क नवरा-बायकोची जोडी होती! दोघं मिळून घरटं करतात, पिल्लं झाली की नरही त्यांना चाटतो, ऊब देतो. सस्तन प्राण्यांत असा जोडीनं संसार करणारे शंभरात दहाही नाहीत. त्याचाच भाऊबंद मेडो व्होल मात्र मादीला भेटतो आणि आपल्या वाटेनं निघून जातो.

मग फरक कशात? दोघांच्याही अंगात हार्मोन्स तीच आहेत. एक ऑक्सिटोसिन. बाळंतपणात कळा येण्यासाठी देतात ते हेच. दुसरं व्हासोप्रेसिन, नराच्या वागण्यात ते महत्त्वाचं. हार्मोन ही किल्ली धरली, तर मेंदूत तिची कुलुपं असतात. ती कुठं आणि किती बसणार, यात जनुकाचा हात असतो. 2004 साली अटलांटाच्या एमोरी विद्यापीठात लॅरी यंग यांच्या गटानं व्हासोप्रेसिनच्या कुलुपाचं जनुक भटक्या मेडो व्होल नरांच्या मेंदूत सोडलं. आणि काय नवल, ते नर आपल्याच जोडीदारणीला बिलगून बसू लागले! जगभर ‘निष्ठेचं जनुक सापडलं’ अशी आवई उठली.

खरी गंमत पुढं आहे. प्रेअरी व्होलमध्येही सगळे नर सारखे नसतात. टेक्सास विद्यापीठाचे स्टीव्हन फेल्प्स आणि सहकाऱ्यांनी त्यांना मोकळ्या कुंपणात राहू देऊन पाहिलं. त्यांचा अभ्यास 2015 साली आला. मेंदूत जागेची आठवण ठेवणारा एक भाग असतो. तिथं ही कुलुपं जास्त असलेले नर आपल्या घरट्याशी टिकून राहत. कमी असलेले दुसऱ्यांच्या हद्दीत शिरत, तिथं त्यांची पिल्लंही होत. पण इकडं त्यांच्या स्वतःच्या हद्दीत परके नर घुसत. म्हणजे दोन्ही वागण्यांत थोडा नफा, थोडा तोटा. म्हणून तर निसर्गानं जनुकाचे दोन्ही प्रकार राखून ठेवले.

माणसाचं काय? 2008 साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी स्वीडनमधल्या जुळ्या भावंडांच्या 552 जोड्या आणि त्यांचे जोडीदार यांचा अभ्यास केला. याच जनुकाचा एक प्रकार आईकडून आणि बापाकडून असा दुहेरी मिळालेल्या पुरुषांपैकी 34 टक्क्यांनी सांगितलं, की वर्षभरात संसार मोडायची वेळ आली होती. ज्यांच्यात तो प्रकार नव्हता, त्यांच्यात हे प्रमाण 15 टक्के होतं. लगेच वर्तमानपत्रांनी घटस्फोटाचं जनुक जाहीर करून टाकलं. पण हिशेब उलटा मांडा ना! दुहेरी जनुक असूनही शंभरातल्या 66 जणांच्या घरात तशी वेळ आलीच नव्हती.

2023 साली तर आणखी एक धक्का बसला. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी ऑक्सिटोसिनचं कुलूपच नसलेले प्रेअरी व्होल तयार केले. तरी त्यांनी जोड्या जमवल्या, पिल्लंही वाढवली. एका जनुकावर संसार उभा राहत नाही, हे उंदरांच्या बाबतीतसुद्धा खरं ठरलं.

हे सगळं मला सांगावंसं वाटलं ते केंद्रात आलेल्या एका बाईमुळे. नवऱ्यानं तालुक्याच्या गावी दुसरं घर केलेलं. सासू म्हणायची, ‘आमच्यातल्या पुरुषांचं रक्तच तसं, तू सोसून घे.’ त्या बाईला नवऱ्यापेक्षा बारा वर्षांच्या मुलाची काळजी. ‘ताई, माझा पोरगाही असाच निघणार का हो?’ विचारताना तिचा आवाज कापत होता.

मी तिला विचारलं, ‘तुझा धाकटा दीर कसा आहे गं?’ म्हणाली, ‘देवमाणूस. जावेला फुलासारखं जपतो.’ म्हटलं, ‘तोही त्याच बापाचा ना?’ ती गप्प झाली, मग हलकंसं हसली.

वारशानं कल मिळत असेल, पण नवऱ्यानं केलं त्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो. व्होलला दिलेला शब्द पाळायचा नसतो, माणसाला असतो. आता ती बाई पोटगीसाठी वकिलांना भेटते आहे. आणि मुलाला ती आवर्जून काकाच्या सोबतीनं शेतावर धाडते.