उरल्या फळांचें पक्वान्न

मृगाच्या सरी आल्या, कीं रत्नागिरीच्या घरोघरीं आढीतला हापूस संपत येतो. दोन डागाळलेले आंबे, अर्धा अननस, काळवंडूं लागलेलीं केळीं असें कांहींना कांहीं मागें राहतें, आणि पुष्कळदां तें उकिरड्यावर जातें. अशा फळांचें एक पक्वान्न आम्ही येथें सांगत आहों. फळांवर भुरभुरीत पिठाचा थर देऊन भाजलेल्या ह्या पदार्थास क्रम्बल म्हणतात. दुसऱ्या महायुद्धांत, १९४० च्या जानेवारीपासून, ब्रिटनमध्यें लोणी व साखर मोजून मिळूं लागली. त्या टंचाईंत हें तेथें लोकप्रिय झालें.

फळांचा नासका भाग काढून अर्धा किलो फोडी घ्याव्या. अननस उशिरां शिजतो, म्हणून तो आधीं थोडा परतावा. फोडींस दोन चमचे साखर, चमचाभर लिंबाचा रस व चमचाभर तांदुळाचें पीठ लावावें. पिठानें सुटलेला रस दाट होतो. मग १०० ग्रॅम कणीक, ५० ग्रॅम ओट, ५० ग्रॅम साखर व ७५ ग्रॅम थंड लोणी बोटांनीं चोळून रव्यासारखें करावें व फोडींवर न दाबतां पसरावें.

ह्या मिश्रणांत पाणी मुळींच घालूं नये. कणकेस पाणी मिळालें, कीं तींत ग्लूटेन नांवाचा चिवट पदार्थ तयार होतो. त्याच्याच बळावर पोळी लाटतां येते. लोण्याचें आवरण पिठास पाणी लागूं देत नाहीं, म्हणून कण सुटे राहतात. आमच्या घरीं प्रथम पातळ तूप वापरलें, तेव्हां थराचा गोळा झाला! ओट हें स्कॉटलंडचें जुनें धान्य. १८२३ सालीं बाणकोटास आलेले मिशनरी त्याच देशाचे. ओट न मिळाल्यास पातळ पोहे चुरडून घ्यावे.

ओव्हनमध्यें १८० अंशांवर सुमारें ३५ मिनिटें भाजावें. ओव्हन नसल्यास धोंडसाप्रमाणें जाड बुडाच्या भांड्यांत, खालीं मंद आंच व झांकणावर निखारे ठेवून भाजावें. विस्तवाचें काम मुलांनीं वडील माणसांसमक्षच करावें. थर तांबूस होऊन कडेनें रस उकळूं लागला, कीं झालें.

पांच हजारांस जेवूं घातल्यावर प्रभूनें उरलेले तुकडे गोळा करविले, व त्यांनीं बारा टोपल्या भरल्या. ज्यानें इतकें विपुल दिलें, त्यानेंच तुकड्यांचीही काळजी वाहिली. विद्यार्थीमित्रहो, आढी उपसतांना ही गोष्ट आठवा.