ड्रोन उडतो, व्हिडिओ करावा लागतो

हातात मावणारा ड्रोन आजकाल कुणालाही पहिल्याच दिवशी उडवता येतो. उपग्रहांच्या संकेतांवर तो हवेत आपली जागा धरून राहतो आणि रिमोटच्या स्टिक सोडल्या की जागच्या जागी थांबतो. यंत्र एवढं सांभाळतं म्हटल्यावर बाकीचंही तेच सांभाळेल, असं वाटू लागतं. भटकंतीचे व्हिडिओ करायला निघालेल्यांचे बरेचसे गैरसमज इथूनच सुरू होतात.

गैरसमज : वजन २५० ग्रॅमच्या आत असेल, तर ड्रोन कुठेही उडवता येतो.

वस्तुस्थिती : ‘ड्रोन नियम २०२१’प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गटात येतो आणि तो उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, इथपर्यंत खरं आहे. पण ही सवलत उडवणाऱ्यापुरती आहे. कुठे उडवायचा, याचे नियम लहानमोठ्या सगळ्या ड्रोनना लागू होतात. केंद्र सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे विभाग आहेत. हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटरपर्यंत, परवानगीशिवाय उडवता येतं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. पिवळ्या विभागात हवाई वाहतूक नियंत्रणाची, तर लाल विभागात केंद्र सरकारची परवानगी लागते. शिवाय राज्य सरकारला एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत लाल जाहीर करता येतो. म्हणून नकाशा निघण्याच्या दिवशी सकाळीही पाहायचा असतो, आठवड्यापूर्वी पाहून भागत नाही.

नकाशावर हिरवं दिसलं म्हणजे सगळं मोकळं, असंही नाही. रायगड, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग हे किल्ले केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, तिथे त्या खात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. कळसूबाई-हरिश्चंद्रगडासारख्या अभयारण्यात वनखात्याला विचारावं लागतं. आणखी एक बारीक गोष्ट : २४९ ग्रॅमच्या ड्रोनला पंख्यांचे गार्ड लावले की तो २५०च्या वर जातो आणि ‘मायक्रो’ गटात पडतो. हौसेसाठी मायक्रो उडवायलाही प्रमाणपत्र लागत नाही, पण पैसे घेऊन चित्रीकरण करायचं तर लागतं.

गैरसमज : ‘रिटर्न टू होम’ आहे, म्हणजे ड्रोन हरवणार नाही.

वस्तुस्थिती : ड्रोनचं ‘घर’ म्हणजे त्याने उड्डाण केलं ती जागा. मालवणच्या धक्क्यावरून सुटलेल्या होडीतून तो उडवला, तर होडी पुढे जाते आणि घर मागे पाण्यातच राहतं. बॅटरी संपत आली की ड्रोन इमानेइतबारे त्याच पाण्यावर उतरायला येतो.

डोंगरात वेगळीच गंमत होते. ड्रोन कड्यामागे गेला की सिग्नल तुटतो. मग तो आधी ठरवून दिलेल्या उंचीवर चढतो आणि सरळ रेषेत परत निघतो. ती उंची ४० मीटर ठेवली असेल आणि वाटेतला कडा १०० मीटरचा असेल, तर पुढचं सांगायला नको. समोरचा अडथळा ओळखणारे सेन्सर स्वस्त मॉडेलमध्ये बहुधा नसतात. त्यामुळे प्रत्येक नव्या जागी ही उंची आसपासच्या सर्वांत उंच टोकापेक्षा जास्त ठेवायची, पण कायद्याची मर्यादा सांभाळून. दोन्ही एकत्र जमत नसेल, तर डोंगराआड जायचंच नाही.

पडद्यावरचा उंचीचा आकडाही नीट समजून घ्यायला हवा. तो उड्डाणाच्या जागेपासून मोजलेला असतो. कड्यावरून १० मीटर वर नेऊन ड्रोन दरीवर सोडला, तर पडद्यावर १०च दिसतात. खाली जमीन मात्र ३०० मीटर खोल असू शकते, आणि नियमातली उंची जमिनीपासून धरतात.

गैरसमज : बॅटरी अर्धा तास चालते.

वस्तुस्थिती : डीजेआय मिनी २ या छोट्या ड्रोनसाठी कंपनी सांगते ती ३१ मिनिटं वारा नसताना, ठरावीक मंद वेगाने उडवून मोजलेली आहेत. घाटमाथ्यावर वारा पाठीशी घेऊन ड्रोन झपकन लांब जातो. परत येताना तोच वारा समोर येतो आणि बॅटरी भराभर उतरते. म्हणून जाताना वाऱ्याविरुद्ध जावं, परतताना वाऱ्याची मदत घ्यावी.

गैरसमज : फोरके घेतलं की चित्र सिनेमासारखं येतं. उरलंसुरलं एडिटिंगमध्ये सुधारता येतं.

वस्तुस्थिती : फोरकेमध्ये फुल एचडीच्या चौपट पिक्सेल असतात, एवढंच. हलत्या चित्राचा मऊपणा शटरवर ठरतो. सेकंदाला २५ फ्रेम घेत असाल, तर शटर १/५० सेकंदाच्या आसपास हवं. छोट्या ड्रोनमध्ये अ‍ॅपर्चर बहुधा कायमचं ठरलेलं असतं. भर उन्हात एफ २.८ आणि आयएसओ १०० असताना योग्य उजेडासाठी शटर १/३२०० पर्यंत जातं. मग प्रत्येक फ्रेम टोकदार येते आणि नारळाची झाडं तुटक तुटक सरकताना दिसतात. अशा वेळी लेन्सवर एनडी ६४ फिल्टर चढवला की प्रकाश ६४ पटींनी कमी होतो आणि शटर बरोबर १/५० वर येतं. हा तुटकपणा नंतर संगणकावर नीट घालवता येत नाही. पांढरंफटक झालेलं आभाळही परत निळं होत नाही, कारण तिथे माहितीच नोंदलेली नसते. एडिटिंगमध्ये रंग जुळवता येतात, थोडं कललेलं क्षितिज सरळ करता येतं. हिसका देऊन वळवलेला शॉट मात्र पुन्हाच घ्यावा लागतो. स्टिक हळू दाबणं आणि हालचालीच्या आधी-नंतर पाच सेकंद थांबणं, हा सराव मोकळ्या मैदानातच होतो.

गैरसमज : ड्रोनचे शॉट जितके जास्त, तितका व्हिडिओ भारी.

वस्तुस्थिती : वरून पाहिलेला तिसरा समुद्रकिनारा पहिल्यासारखाच दिसतो. हवेतला शॉट उठून दिसतो तो जमिनीवर पडलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो तेव्हा. सिंधुदुर्गाचा दरवाजा होडीतून जाताना तटात दिसतच नाही, बुरुजांच्या आड तो लपवलेला आहे. आधी होडीतून दिसणारा सलग तट दाखवा, मग किनाऱ्यावर उतरून वळणारी माणसं, मग दरवाजाची चौकट. त्यानंतर, परवानगी हातात असेल तर, वरून ती वळणं उलगडणारा पाच सेकंदांचा एकच शॉट. तटबंदी अशी का बांधली, हे पाहणाऱ्याला निवेदनाशिवाय कळतं.

आवाजाचंही तेच. बहुतेक छोटे ड्रोन आवाज टिपतच नाहीत, आणि टिपला असता तरी पंख्यांची घरघरच आली असती. म्हणून लाटा, वल्ह्यांचा आवाज, बाजारातला गलका फोनवर वेगळा टिपून आणायचा आणि एडिटिंगमध्ये चित्राखाली घालायचा. सिनेमातलं आवडतं गाणं चिकटवलं, तर यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि व्हिडिओचं उत्पन्न हक्कधारकाकडे जाऊ शकतं किंवा व्हिडिओ अडवला जाऊ शकतो. यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत मिळतं.

शिकायला सुरुवात करायची तर लांबचा किल्ला नको. हिरव्या विभागातलं ओळखीचं गाव निवडा, दहा शॉटचा एक मिनिटाचा व्हिडिओ ठरवा आणि त्यात हवेतले शॉट दोनच ठेवा. ते दोन कुठे बसवायचे, हे कागदावर लिहूनच ड्रोन पिशवीतून बाहेर काढा.