पाऊस धूळ धुतो, वायू नव्हे

पावसाची एखादी सर ओसरली की कांदिवलीच्या पूर्वेकडील राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या न्हाऊन निघाल्यासारख्या दिसतात; जानेवारीच्या सकाळी त्या धुरकटात बुडालेल्या असतात. यावरून पावसाळ्यात आपली हवा शुद्ध होते, असा समज रूढ झाला आहे. धुळीपुरता तो खरा आहे. वातानुकूलन यंत्रांतून निसटणाऱ्या क्लोरीन-फ्लोरीनयुक्त वायूंच्या बाबतीत मात्र तो साफ खोटा आहे.

हे वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. कितीही सरी कोसळल्या तरी ते खाली येत नाहीत. पावसाळ्यात त्यांस पातळ करतो तो वारा. नैर्ऋत्येचे वारे दक्षिण गोलार्धातील, वस्तीपासून दूरची हवा घेऊन येतात. गोव्यातील काब-द-राम येथे १९९३ पासून काही वर्षे हवेचे नमुने घेण्यात आले, त्यांत मिथेनच्या बाबतीत हाच ऋतुभेद आढळला. हिवाळ्यात उलट घडते. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वर उबदार हवेचे झाकण बसते. रात्रभर जे निसटले ते चारकोपपासून ठाकूर व्हिलेजपर्यंत घरांच्या आसपासच घुटमळते; दुपारी समुद्राकडून वारा सुटला म्हणजे मग कोठे पांगते.

पांगते, नाहीसे होत नाही. जुन्या यंत्रांतील 'आर-२२' हा वायू वातावरणात सरासरी सुमारे १२ वर्षे टिकतो. त्याचा काही अंश ओझोनच्या थरापर्यंत पोहोचतो. आणि १०० वर्षांच्या हिशेबाने, वजनास वजन, तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट तापदायक ठरतो. इतक्या अल्प प्रमाणात तो फुप्फुसांस बाधत नाही, हे आम्हांस मान्य आहे. कदाचित म्हणूनच त्याची कोणास फिकीर नाही.

मॉन्ट्रियलचा करार १९८७ चा. भारत त्यात १९९२ साली सामील झाला. २०२५ पासून नव्या यंत्रांच्या निर्मितीत 'आर-२२' वापरता येत नाही. पण भिंतींवरील जुन्या यंत्रांचे काय? कारागीर येतो, नळी सैल करतो, फुस्स असा आवाज होतो आणि उरलेला वायू कांदिवलीच्या हवेत जातो. तो टाकीत भरून घेण्याचे यंत्र मिळते. ते आणण्याचा आग्रह आम्ही स्वतःही आजवर धरला नव्हता. कारागिरास दोष देणे सोपे आहे. त्या यंत्राची किंमत आणि वाढीव वेळेची मजुरी द्यावयास गिऱ्हाईक तयार नसते, त्यास तो काय करणार? चार-पाच गृहनिर्माण संस्थांनी मिळून असे एक यंत्र घ्यावयास काय हरकत आहे? होळीनंतर दुरुस्तीची कामे सुरू होतात. ठराव त्यापूर्वीच्या सभेत यावा.