छोटी गिटार बनवताना: लाकूड कधी चिकटवायचं?

मी इंदूरहून बोलतोय. मागच्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलं, की गिटार घरी बनवता येते का? येते. पण माझी पहिली गिटार दहा महिन्यांत फाटली. ती का फाटली, हे सांगितलं की गिटार बनवण्यातलं निम्मं शास्त्र आपोआप सांगून होतं.

ती गिटार मी भाचीसाठी बनवत होतो. तिचा हात लहान, म्हणून आकारही लहान घेतला. आज दुकानात सगळीकडे दिसते ती ड्रेडनॉट. तिचा खालचा फुगवटा साधारण ३९७ मिलिमीटर रुंद असतो. मी घेतलेला आकार ३४३ मिलिमीटरचा. याला शून्य नंबरचा आकार म्हणतात. खर्जाचा आवाज थोडा कमी मिळतो, पण सूर मोकळे लागतात आणि मांडीवर सहज बसते.

गिटारीचा जीव तिच्या वरच्या फळीत असतो. तंबोऱ्यात आपण जिला तबली म्हणतो, तीच ही. ती स्प्रूसच्या लाकडाची, अडीच मिलिमीटरच्या आसपास जाडीची. आता गंमत बघा. पोलादी तारांचा एकूण ताण सुमारे ७० किलो असतो, म्हणजे एक मोठा माणूसच त्या फळीला लटकलाय. फळी जाड ठेवली तर ती हलत नाही, गिटार मुकी होते. पातळ केली तर वाकते. जाडी ३ वरून २.४ मिलिमीटर केली, तर वजन फक्त पाचव्या हिश्शानं घटतं, पण ताठरपणा जवळजवळ निम्मा होतो. म्हणून रंधा मारताना शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला घाई करायची नाही.

या पातळ फळीला आतून आधार देतात त्या पट्ट्या. मुख्य दोन पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींना छेदतात. अमेरिकेत १८४०च्या दशकात सी. एफ. मार्टिन यांच्या गिटारींत ही रचना दिसू लागली आणि पुढे पोलादी तारांना तीच मानवली. फुलीच्या वर, भोकाच्या पलीकडे, एक पट्टी सरळ आडवी असते. ती लक्षात ठेवा.

मागची आणि बाजूची लाकडं आपल्या शिसवीची. मार्टिन कंपनीसुद्धा १९६९पासून ब्राझीलच्या शिसवीऐवजी भारतीय शिसवीकडे वळली. बाजूच्या पट्ट्या दोन मिलिमीटर जाडीच्या करायच्या, ओल्या करायच्या आणि तापलेल्या पाइपवर हळूहळू वाकवायच्या. पाण्याचा थेंब टाकला की तो नाचून उडाला पाहिजे, इतका पाइप गरम हवा. जोर हातानं नाही, उष्णतेनं द्यायचा. लाकूड ढिलं पडतं ते बोटांना कळतं.

पडद्यांचं गणित सोपं आहे. तारेची लांबी ६३२ मिलिमीटर धरा आणि तिला १७.८१७नं भागा. उत्तर ३५.५, तिथे पहिला पडदा. उरलेल्या लांबीला परत तोच भागाकार, आणखी ३३.५वर दुसरा. असं करत बारावा पडदा बरोबर अर्ध्यावर, ३१६वर येतो. नाही आला तर कुठेतरी चुकलंय.

हे सगळं मी नीट केलं. चूक झाली ती ऑगस्टमध्ये. बाहेर पाऊस, खोलीत दमट हवा, आणि मी उत्साहानं तबलीवर पट्ट्या चिकटवल्या. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि फुगतं. हवा कोरडी झाली की आकसतं. पण आकसतं ते रेषांच्या आडव्या दिशेनं; लांबीच्या दिशेनं जवळजवळ नाहीच. पुढच्या मे महिन्यात ती तबली रुंदीत तीन-चार मिलिमीटर आकसू पाहत होती. आडवी पट्टी तिच्या स्वतःच्या लांबीच्या दिशेनं बसलेली, ती काही आकसेना. दोघींच्या भांडणात पातळ होती ती फाटली. एका दुपारी टक्कन आवाज आला, आणि भोकापासून घोडीपर्यंत उभी चीर. भाची तेव्हा समोरच बसली होती. दोघंही काही बोललो नाही.

दुरुस्ती अशी केली: पेटीत ओला स्पंज ठेवून आठवडाभर गिटारीला पाणी पिऊ दिलं. चीर मिटत आली. मग सरस भरला आणि आतून स्प्रूसचे छोटे तुकडे रेषा आडव्या ठेवून चिकटवले. डाग दिसतो, पण गिटार वाजते. भाची आजही तीच वाजवते. नवी करून देतो म्हटलं, तर नको म्हणाली.

आता माझा नियम एकच. खोलीत आर्द्रतामापक टांगलाय. काटा ४० ते ४५ टक्क्यांवर असेल तरच पट्ट्या चिकटवायच्या. पावसाळ्यात एका जुन्या कपाटात बल्ब लावून फळ्या त्यात ठेवतो. कोरड्या हवेत जोडलेली तबली पुढे दमट हवेत थोडी फुगते, वर येते, पण सहसा फाटत नाही.

तुमच्याकडे विकतची गिटार असेल, तरी एवढं करा: उन्हाळ्यात ती पेटीत ठेवा आणि भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत पिळलेला स्पंज घालून ती डबी शेजारी ठेवा. स्पंज दर दोन-तीन दिवसांनी बघा. पुढच्या वेळी मान कशी जोडायची ते दाखवतो.