नावेत मावेल तेवढेच

कॅनडातील ओंटारियो प्रांतात अल्गोंक्विन नावाचे विस्तीर्ण वनोद्यान आहे. १८९३ साली स्थापन झालेल्या या उद्यानातील असंख्य सरोवरांतून लोक हलक्या होडीने, वल्हे मारीत, कित्येक दिवस भ्रमंती करतात. दोन सरोवरांमध्ये जमीन आली की होडी खांद्यावर आणि तंबू, शिधा, भांडी पाठीवर घेऊन चालावे लागते. कचराही परत आणावयाचा असतो. टोरांटोस राहणाऱ्या नातवाने हे सांगितले, तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "हा तर परिग्रह-परिमाण व्रताचाच पाठ!"

गेल्या पौषात तो अंथुर्ण्यास आला. आपल्याकडील पाणी त्यास दाखवावे, म्हणून पहाटेच आम्ही भिगवणजवळच्या कुंभारगावास गेलो. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि यशवंतसागर हा जलाशय निर्माण झाला. हिवाळ्यात येथे रोहित पक्षी उतरतात. चोच पाण्यात उलटी बुडवून शेवाळ व सूक्ष्म जीव गाळून घेण्याची त्यांची रीत पाहण्याजोगी असते. पळसदेवचे प्राचीन मंदिरही याच जलाशयात बुडालेले असून पाणी ओसरले की ते दृष्टीस पडते.

होडीत बसण्यापूर्वी मन साशंक होते. येथील नावाडी मासेमारीही करतात. आपण दिलेले भाडे कोणत्या खाती जमा होईल? न राहवून मी नावाड्यास विचारलेच.

तो शांतपणे म्हणाला, "साहेब, आमचं शेत इथंच खाली आहे. जमीन पाण्यात गेली, मग वडिलांनी जाळं धरलं. पाहुणे असले की त्या सकाळी मी जाळं टाकत नाही."

मी निरुत्तर झालो. आयुष्यभर इतरांचे हिशेब तपासले. परंतु या माणसाच्या खात्यातील पहिलीच नोंद मी पाहिली नव्हती. आमच्या भाड्याने त्याचे जाळे कायमचे सुटेल, असे मी म्हणणार नाही. पक्षी परतले की पाहुणेही थांबतात. तथापि एका सकाळपुरते ते सुटले, हेही थोडके नव्हे.

पक्षी दिसू लागताच नातवाने यंत्र बंद करण्याची विनंती केली आणि स्वतः वल्हे हाती घेतले. त्या शांततेत रोहितांचा थवा जागचा हलला नाही.

साधर्मी बंधु-भगिनींनी डिसेंबर ते मार्च या काळात अवश्य जावे. गाळलेले पाणी व कोरडा फराळ घरूनच न्यावा. सकाळीच निघाल्यास सूर्यास्तापूर्वी घरी भोजन होते. पक्ष्यांना खाऊ घालू नये. नावाड्यास थवा उडविण्याचा आग्रह धरू नये. भाड्यात घासाघीस मात्र करू नये. ज्याची जमीन पाण्याखाली आहे, त्याच्याशी व्यवहार करताना आपला हात थोडा सैलच असावा.