शहरात चार घरे जोडा



सुट्टीत आलेला शहरचा पाहुणा परत निघाला की त्याच्या पिशवीत आपण शेंगा, भोपळा घालतोच. पण तोच भोपळा टेम्पोत चढला की कोणी पिकवला हे खाणाऱ्याला कळत नाही, आणि कोणाच्या ताटात गेला हे आपल्याला कळत नाही. आपल्या हाती येते ती हमाली, तोलाई आणि भाडे वजा जाता उरलेली पट्टी.

हा अनोळखीपणा किती महागात पडतो, ते मार्च २०२० च्या टाळेबंदीत दिसले. बाजार बंद पडू लागले, वाहने मिळेनात. इकडे उभ्या भाजीत नांगर फिरले, द्राक्षांचा बेदाणा करावा लागला. तिकडे शहरात भाजीसाठी रांगा लागल्या. माल होता, गिऱ्हाईकही होते. ओळख तेवढी नव्हती. ज्या गटांनी शहरातल्या सोसायट्यांशी संधान बांधले, त्यांचा माल मात्र थेट दारापर्यंत पोचला.

जपानमध्ये १९७० च्या दशकात शेतकरी आणि शहरातल्या गृहिणी यांनी अशीच सोयरीक जमवली. तिला तेथे ‘तेइकेई’ म्हणतात. भाव दोघांनी बसून ठरवायचा, शेतात पिकेल तो माल गिऱ्हाइकाने घ्यायचा आणि सवडीने शेतावर कामालाही यायचे, अशी तिची रीत.

आपल्याकडे २०१६ साली राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. तेव्हा बाजार आवाराबाहेर थेट विक्रीला आडकाठी नाही.

सुरुवात लहान करा. गावातली दहा घरे एकत्र या. एकाने मेथी, दुसऱ्याने वांगी, तिसऱ्याने कांदा असे वाटून घ्या, म्हणजे दर आठवड्याला पिशवी भरेल. शहरातल्या नातेवाइकाच्या सोसायटीतून पहिली पंचवीस गिऱ्हाइके मिळवा. माल निवडून, वजन करून द्या. वर चांगला आणि खाली किडका, असे एकदा जरी झाले तरी ते घर तुटले म्हणून समजा. हिशेबाची वही घरच्या बाईकडे ठेवा. सगळाच माल या एका वाटेने मात्र पाठवू नका. बाजारपेठही धरून ठेवा.

आणि गारपिटीने पीक गेले तर गिऱ्हाइकाला त्याच दिवशी कळवा. शेतीची अडचण ज्याला ठाऊक असते, तो चार दिवस थांबतो आणि भावात घासाघीसही कमी करतो.