युनिक्ससदृश संचालन प्रणालींतील रिअल-टाइम शेड्युलिंग आणि वापरकर्त्याचे अधिकार

रिअल-टाइम शेड्युलिंग म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण व्हावयाच्या प्रक्रियांना संगणकाचा प्रोसेसर अग्रक्रमाने उपलब्ध करून देण्याची पद्धत होय. लिनक्ससारख्या युनिक्ससदृश संचालन प्रणालींत हा अग्रक्रम मागण्याचा अधिकार सामान्य वापरकर्त्यास सहसा आपोआप मिळत नाही.

गरज

येथे ‘रिअल-टाइम’ याचा अर्थ ‘अतिवेगवान’ असा नसून ‘वेळेवर’ असा आहे. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांच्या संकेतांवर निरीक्षण चालू असतानाच प्रक्रिया करणारी यंत्रणा लिनक्स संगणकांच्या समूहावर उभारण्यात आली. अशा कामात संकेतांचा ओघ थांबत नाही. आधीची माहिती हाताळून होण्यापूर्वी पुढची येऊन ठेपली आणि साठवणीची जागा अपुरी पडली, तर काही माहिती कायमची गमावली जाते.

पद्धती

सामान्य प्रक्रियांमध्ये प्रोसेसरचा वेळ वाटून दिला जातो. ‘नाइस’ हे −२० ते १९ दरम्यानचे मूल्य जितके कमी, तितका प्रक्रियेचा वाटा मोठा. १९९३ मध्ये पॉझिक्स मानकात दोन रिअल-टाइम पद्धतींचा समावेश झाला. ‘फिफो’ पद्धतीत प्रक्रिया स्वतः थांबेपर्यंत किंवा अधिक अग्रक्रमाची प्रक्रिया येईपर्यंत चालते. ‘राउंड रॉबिन’ पद्धतीत समान अग्रक्रमाच्या प्रक्रिया आळीपाळीने चालतात. लिनक्समध्ये हे अग्रक्रम १ ते ९९ असे असून त्यांतील सर्वांत खालचा अग्रक्रमही सामान्य प्रक्रियांच्या वरचा असतो.

अधिकार

फिफो पद्धतीने चालणारी प्रक्रिया सदोष आज्ञावलीमुळे न संपणाऱ्या चक्रात अडकली, तर ती त्या प्रोसेसरवरील इतर कामे रोखून धरू शकते. अनेकांच्या वापरातील संगणकावर एका व्यक्तीच्या चुकीची झळ सर्वांना बसते. म्हणून हा अधिकार पूर्वी मुख्यतः ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्याकडेच असे. परंतु केवळ अग्रक्रमासाठी एखादा प्रोग्राम रूट म्हणून चालविल्यास त्याला सर्व फायली व मांडणी बदलण्याचीही मुभा मिळते. हा धोका मूळ धोक्याहून मोठा ठरतो.

यावर लिनक्सने अधिकारांची विभागणी केली. अग्रक्रम बदलण्याची क्षमता आता स्वतंत्रपणे देता येते. तसेच २००५ मधील २.६.१२ या आवृत्तीपासून व्यवस्थापक एखाद्या वापरकर्त्यास वा गटास अग्रक्रमाची कमाल मर्यादा ठरवून देऊ शकतो. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना अशी परवानगी अनेकदा दिली जाते, कारण किंचित विलंबानेही ध्वनीत खंड पडतो. याशिवाय प्रत्येक सेकंदातील सुमारे ५ टक्के वेळ सामान्य प्रक्रियांसाठी राखण्याची तरतूद लिनक्समध्ये आहे. त्यामुळे अडकलेली प्रक्रिया बंद करण्यास व्यवस्थापकाला वाव राहतो.